रोगाच्या वहीतली माणसं



एड्सच्या काळात समलिंगी माणसांनी जी राजकीय चळवळ केली, तिच्याविषयी बोलायला सांगलीइतकी योग्य जागा महाराष्ट्रात क्वचित असेल. हे मी यजमानांना खूश करण्यासाठी म्हणत नाही. ही चळवळ म्हटली की लोकांना न्यूयॉर्क आठवतं, सान फ्रान्सिस्को आठवतं, फार तर मुंबई. पण ज्यांच्याकडे सगळे 'रोग पसरवणारे' म्हणून बोट दाखवत होते, त्यांनीच रोग रोखायचं काम अंगावर घेतलं आणि ते करताना पोलिसांना, समाजसुधारकांना आणि शेवटी अमेरिकेच्या सरकारलाही 'नाही' म्हणून सांगितलं, हे या शहरात घडलं आहे. तिथे मी जरा वळसा घेऊन येणार आहे, तेवढी सवलत द्या.

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांची नोंद छापून आली. पाचही समलिंगी, पाचांनाही न्यूमोनियाचा एक दुर्मिळ प्रकार झालेला. सुरुवातीला हा आजार 'त्यांचाच' मानला गेला आणि वॉशिंग्टनमधलं सरकार त्या समजुतीवर निवांत बसून राहिलं. मार्च १९८७ मध्ये लॅरी क्रेमर यांच्या एका भाषणानंतर न्यूयॉर्कला 'ॲक्ट अप' ही संघटना उभी राहिली. क्रेमर नाटककार. नाटकवाला रस्त्यावर उतरला याचं नवल निदान विष्णुदास भाव्यांच्या गावात तरी कुणाला वाटू नये. त्याच महिन्यात एझेडटी या औषधाला परवानगी मिळाली, आणि वर्षाचा खर्च निघाला दहा हजार डॉलरच्या घरात. संघटनेनं वॉल स्ट्रीटवर ठिय्या दिला, ऑक्टोबर १९८८ मध्ये औषध प्रशासनाच्या मुख्य कचेरीला वेढा घातला, सप्टेंबर १९८९ मध्ये काही कार्यकर्ते थेट शेअर बाजारात शिरले. काही दिवसांतच कंपनीनं किंमत वीस टक्क्यांनी उतरवली.

वेढे आणि ठिय्ये फोटोंत छान दिसतात. मला मात्र या मंडळींचं खरं काम अभ्यासाचं वाटतं. औषधांच्या चाचण्या कशा आखतात, त्यात कुणाला घेतात, कुणाला वगळतात, हे त्यांनी मुळापासून शिकून घेतलं आणि शास्त्रज्ञांच्या बैठकीत हक्कानं जागा मागितली. आपल्याकडे आजही पेशंटनं दोन प्रश्न जास्त विचारले तर डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडते. मिरजेचे डॉक्टर समोर बसले आहेत, त्यांनी राग मानू नये.

या लढ्यातल्या लेस्बियन बायकांचं नाव फारसं घेतलं जात नाही. हा रोग त्यांच्यात कमी होता. तरीही समलिंगी पुरुषांना रक्तदानाची बंदी झाली तेव्हा १९८३ साली सान डिएगोमध्ये त्यांनी आजारी मित्रांसाठी रक्तदानाची शिबिरं भरवली. त्यांच्यातल्या अनेकींनी स्त्रियांच्या आरोग्याच्या चळवळीत काम केलं होतं, त्यामुळे सरकारी व्याख्या कशा वाचायच्या हे त्यांना ठाऊक होतं. एड्सच्या सरकारी व्याख्येत बायकांना होणारे आजारच नव्हते. व्याख्येत नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून भत्ता नाही. त्या त्यावर वर्षानुवर्षं भांडल्या आणि १ जानेवारी १९९३ पासून व्याख्या बदलली, गर्भाशयमुखाचा कर्करोग तीत आला. सरकारच्या वहीत आपलं नाव कोणत्या रकान्यात आहे, की नाहीच आहे, यावर माणसाचं जगणं कसं ठरतं ते इथे दिसतं. आजच्या माझ्या सगळ्या बोलण्याचा धागा हाच आहे.

आता आपल्याकडे. १९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला सेल्लप्पन यांनी भारतातले पहिले एचआयव्हीबाधित शोधले. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे. ज्यांचं रक्त तपासलं त्या वेश्याव्यवसायातल्या स्त्रिया होत्या, आणि त्यामुळे अमेरिकेत जे समलिंगी पुरुषांचं झालं ते इथे पहिल्या फेरीत वेश्यांचं झालं. १९८९ साली राज्यसभेत एड्स प्रतिबंधक विधेयक आलं. त्यात सक्तीच्या तपासण्या होत्या, माणसाला वेगळं काढून ठेवण्याचे अधिकार होते. म्हणजे रोगाशी लढायचं ते रोग्याला कोंडून.

कोंडून ठेवणं म्हणजे काय ते गोव्यानं त्याआधीच दाखवलं होतं. डॉमनिक डिसोझा हा बार्देशातल्या पर्रा गावचा तरुण स्वतःहून रक्तदान करायचा. त्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही आढळला. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी पोलीस त्याला घेऊन गेले आणि एका बंद पडलेल्या क्षयरोग रुग्णालयात त्याला चौसष्ट दिवस एकट्याला ठेवलं. गोव्याचा सार्वजनिक आरोग्य कायदाच तशी परवानगी देत होता. त्याची आई लुसी यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, वकील होते आनंद ग्रोव्हर. डॉमनिक कोठडीतून बाहेर आला, पण न्यायालयानं कायदा वैधच ठरवला. नोकरी गेली. त्यानं 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था काढायला घेतली आणि मे १९९२ मध्ये तो वारला. ओनीर यांचा 'माय ब्रदर… निखिल' हा २००५ चा चित्रपट त्याच्या आयुष्यावरून सुचलेला आहे, आणि त्यातला नायक समलिंगी आहे. एक आई आपल्या मुलाच्या वतीनं सरकारविरुद्ध उभी राहिली. खटला हरली तरी पुढच्या सगळ्या खटल्यांची पायवाट तिथून निघते. ग्रोव्हर पुढे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या खटल्यात उभे राहिले, ते काही योगायोगानं नाही.

दिल्लीत १९८८ साली 'एड्स भेदभाव विरोधी आंदोलन' सुरू झालं. थोडेसे लोक, ना कचेरी, ना देणगीदार. डॉक्टर, वकील, एक-दोन नन्स, काही समलिंगी तर काही नसलेले. त्यांनी धंदेवाईक रक्तदात्यांसाठी, वेश्यांसाठी काम केलं आणि नोव्हेंबर १९९१ मध्ये 'लेस दॅन गे' नावाचा अहवाल काढला. भारतातल्या समलिंगी माणसांच्या स्थितीविषयीचा हा पहिला नागरिक अहवाल. कलम ३७७ रद्द करा, समलिंगी विवाहाला मान्यता द्या, अशा मागण्या त्यात आहेत. १९९१ साली, हे ध्यानात घ्या! ११ ऑगस्ट १९९२ रोजी याच मंडळींनी दिल्ली पोलीस मुख्यालयासमोर निदर्शनं केली, कारण कॅनॉट प्लेसच्या बागेतून पोलीस संशयावरून माणसं उचलत होते. समलिंगी माणसांच्या हक्कांसाठी या देशात झालेलं ते पहिलं ज्ञात जाहीर निदर्शन. त्याच वर्षी १९८९ चं ते विधेयक सरकारनं मागे घेतलं. १९९४ मध्ये तिहार तुरुंगात निरोध वाटायला नकार मिळाल्यावर आंदोलनानं दिल्ली उच्च न्यायालयात थेट ३७७ ला आव्हान दिलं. त्या याचिकेचा कुणी पाठपुरावा करू शकलं नाही आणि २००१ मध्ये ती निकालात निघाली. पैसे न घेणाऱ्या संघटनांचं असंच होतं. माणसं थकली की काम थांबतं. पण त्यांनी जे लिहून ठेवलं त्याची धार पैसे घेणाऱ्यांच्या अहवालांना कधी आली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुंबईचा रस्ता वेगळा. अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये 'बॉम्बे दोस्त' हे समलिंगी माणसांसाठीचं नियतकालिक काढलं, १९९४ मध्ये 'हमसफर ट्रस्ट' उभा केला. महापालिकेनं त्यांना वाकोल्यात आपल्याच इमारतीत जागा दिली. ज्यांचं प्रेम तेव्हाच्या कायद्यानं गुन्हा होता, त्यांच्या संस्थेला महापालिकेच्या इमारतीत खोली! हे कसं झालं? आरोग्य खात्यामुळे. एड्स रोखायचा तर या पुरुषांपर्यंत पोचायला हवं, आणि तिथवर पोचायचा मार्ग त्यांच्याच माणसांकडे होता. गृहखातं ज्यांना आरोपी म्हणत होतं, त्यांना आरोग्य खातं 'एमएसएम' म्हणू लागलं, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या वहीत त्यांचा रकाना तयार झाला. रकान्याबरोबर निधी आला, निरोधाचे खोके आले, पगार आला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये 'समपथिक' सुरू केली आणि मुख्य म्हणजे मराठीत पुस्तकं लिहिली, त्यामुळे इंग्रजी न येणाऱ्या मुलांना पहिल्यांदा स्वतःविषयी वाचायला मिळालं.

मराठीत हा विषय अगदीच कोरा होता असं मात्र समजू नका. र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर १९३४ साली जो खटला झाला, तो वाचकांच्या हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीच्या प्रश्नांना उत्तरं दिली म्हणूनच. कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड झाला. एका मुलीच्या मुलीवरच्या प्रेमाची 'मित्राची गोष्ट' तेंडुलकरांनी १९८१ मध्ये रंगमंचावर आणली. आपल्याकडे सुरुवात झाली होती, पुढे ती चालवली गेली नाही इतकंच.

रकान्याची किंमतही मोजावी लागली. लखनौमध्ये जुलै २००१ मध्ये एड्सविषयी काम करणारे चार कार्यकर्ते पोलिसांनी पकडले. निरोध आणि माहितीपत्रकं हाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा. ते सत्तेचाळीस दिवस तुरुंगात होते. एका खात्यानं वाटायला दिलेली वस्तू दुसऱ्या खात्यानं मुद्देमाल म्हणून जप्त केली. त्याच डिसेंबरात नाझ फाउंडेशननं दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली, आणि युक्तिवाद काय तर ३७७ मुळे एड्सचं काम होत नाही. माणूस म्हणून आमचा हक्क आहे हे सांगण्याआधी तुमच्या आरोग्यासाठी आम्हाला सोडा असं सांगावं लागलं. पुढे या याचिकेत केंद्र सरकारनं दोन तोंडांनी बाजू मांडली. गृहखातं म्हणालं, कलम हवं. एड्स नियंत्रण संघटनेनं प्रतिज्ञापत्र दिलं की या पुरुषांत बाधितांचं प्रमाण सुमारे आठ टक्के आहे, एकूण लोकसंख्येत ते एका टक्क्याहून कमी, आणि कायद्याच्या भीतीनं हे लोक लपून राहतात. न्यायालयानंही सरकारला या विसंगतीबद्दल टोकलं.

लेस्बियन बायका कुठे होत्या? वहीत नव्हत्याच. त्यांच्यात रोग नाही, म्हणून रकाना नाही, म्हणून निधी नाही, कचेरी नाही, महापालिकेची खोली नाही. मुंबईत १९९५ मध्ये 'स्त्री संगम' हा गट काही जणींनी पदरमोड करून चालवला. पुढे तोच 'लेबिया' झाला. डिसेंबर १९९८ मध्ये दोन बायकांच्या प्रेमावरच्या 'फायर' चित्रपटावर मुंबईत शिवसैनिकांनी हल्ले केले. त्यानंतर दिल्लीत रीगल सिनेमासमोर 'मी भारतीय आहे आणि लेस्बियन आहे' असा फलक घेऊन बायका उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे वर्तमानपत्रांना त्यांचा पत्ता लागला. पण खटल्याला खरी कलाटणी मिळाली त्यात या बायकांचा वाटा मोठा आहे. स्त्री-संघटना, बालहक्क आणि समलिंगी हक्कांचे गट एकत्र येऊन 'व्हॉइसेस अगेन्स्ट ३७७' म्हणून २००६ मध्ये खटल्यात शिरले. त्यांनी सांगितलं की हा प्रश्न रोगाचा नाही, प्रतिष्ठेचा आहे. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं सांगणारा दिल्ली उच्च न्यायालयाचा २ जुलै २००९ चा निकाल वाचला तर आरोग्याचा मुद्दा आहे, पण त्याच्या वर प्रतिष्ठा, समता आणि खाजगीपणा आहे. तो निकाल देणारे मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा आपल्या शेजारच्या सोलापूरचे. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला, ही माणसं संख्येनं नगण्य आहेत असं म्हणून. पुन्हा मोजणीच! ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी तीही चूक दुरुस्त केली. त्यानंतर चारच दिवसांनी, १० सप्टेंबरला, एचआयव्हीबाधितांशी भेदभाव करण्यास मनाई करणारा २०१७ चा कायदा लागू झाला. वर्तमानपत्रांत पहिली बातमी पानभर, दुसरी बहुतेकांच्या नजरेतून सुटली.

आता सांगली. आपला जिल्हा एके काळी एड्सच्या नकाशावर लाल रंगात असे. १९९२ मध्ये मीना सेषू यांनी 'संपदा ग्रामीण महिला संस्था', म्हणजे 'संग्राम', सुरू केली. गोकुळनगरच्या वेश्यावस्तीत निरोध वाटायला बाहेरचे कार्यकर्ते जाऊन काही उपयोग नव्हता, गिऱ्हाइकाला 'निरोधाशिवाय नाही' हे एकटी बाई सांगू शकत नव्हती. गल्लीतल्या सगळ्याजणींनी ठरवलं तरच ते जमणार होतं. म्हणून वाटप त्या बायकांच्याच हातात गेलं आणि १९९६ मध्ये त्यांची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' झाली. संघटनेच्या नावात 'वेश्या' हा शब्द त्यांनी स्वतः घातला. त्याच कामातून पुढे धंदा करणारे पुरुष आणि तृतीयपंथी यांची 'मुस्कान' उभी राहिली. मोठ्या शहरांत समलिंगी पुरुषांच्या आणि वेश्यांच्या संघटना बहुधा एकमेकींपासून अंतर राखून असतात. समलिंगी मध्यमवर्गाला 'आम्ही तसले नाही' हे सांगायची घाई असते. सांगलीत बायकांनी आधी संघटना बांधली आणि पुरुष तिच्या शेजारी येऊन बसले. याला एक जुनं कारण असावं असं मला वाटतं. हा सौंदत्तीच्या यल्लम्माचा मुलूख. देवाला सोडलेल्या जोगतिणी आणि लुगडं नेसणारे जोगते इथे एकाच वाटेनं डोंगर चढत आले आहेत. राजन गवस यांची 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' वाचलेल्यांना वेगळं सांगायला नको. प्रत्येक जोगता समलिंगी नसतो, आणि त्या प्रथेतलं शोषण मी गोड करून सांगत नाही. पण 'गे' हा शब्द यायच्या कितीतरी आधी या भागाला अशी माणसं दिसत होती.

दिसत होती म्हणजे त्यांना सुखानं जगू दिलं असं नव्हे. परिषदेचं काम निपाणीत सुरू झालं तेव्हा २००२ मध्ये तिथे कार्यकर्त्यांना धमक्या आल्या, पोलिसांचा त्रास झाला. ह्यूमन राइट्स वॉचच्या त्या वर्षीच्या अहवालात लखनौच्या बरोबरीनं निपाणीही आहे. मे २००५ मध्ये एका परदेशी संस्थेच्या पुढाकारानं गोकुळनगरावर छापा पडला. बायकांनी विचारलं की आम्हाला न विचारता आमची सुटका कुणी आणि कशाला करावी? अल्पवयीन मुलीचा प्रश्न वेगळा आहे, तिथे दुमत नाही. पण जाणत्या बाईला हाताला धरून गाडीत घालणं म्हणजे उद्धार, हे मला पटत नाही.

आणि मग तो अमेरिकेचा पैसा. तिथल्या २००३ च्या कायद्यानं अट घातली की एड्सच्या कामासाठी आमची मदत हवी तर वेश्याव्यवसायाला आपला विरोध आहे असं लिहून द्या. भल्याभल्या संस्थांनी लिहून दिलं. ब्राझीलनं २००५ मध्ये चार कोटी डॉलर नाकारले, आणि त्याच वर्षी सांगलीच्या 'संग्राम'नं पैसे परत केले. ब्राझील हा देश आहे, त्याच्यामागे तिजोरी होती. सांगलीतल्या संस्थेमागे काय होतं? ज्या बायकांच्या जोरावर काम उभं आहे त्यांच्याच विरोधात सही करायची नाही, एवढंच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये ही अट तिथल्या संस्थांपुरती घटनाबाह्य ठरवली आणि २०२० मध्ये स्पष्ट केलं की परदेशी संस्थांना ते संरक्षण नाही. न्यूयॉर्कच्या वेढ्यांचं कौतुक मी मघाशी केलं. सांगलीनं केलेला हा नकार त्याहून अवघड होता असं मी मानतो, कारण त्यात पगार बुडणार होते, आणि फोटो काढायला कुणी आलं नव्हतं.

२०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेनं जगभरची ही मदतच थांबवली. तृतीयपंथीयांसाठी हैदराबाद, पुणे आणि कल्याण इथे चालणारे दवाखाने बंद पडले. दुसऱ्याच्या पैशावर उभी केलेली चळवळ त्याच्या निवडणुकीबरोबर बुडते, हे वीस वर्षांपूर्वी इथल्या बायकांना कळलं होतं. औषधांचं मात्र तसं झालं नाही, कारण ती लढाई इथेच लढली गेली. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी तिहेरी औषध वर्षाला साडेतीनशे डॉलरला देऊ केलं, १ एप्रिल २००४ पासून सरकारनं मोफत औषधं द्यायला सुरुवात केली, आणि पेटंट कायदा बदलल्यावर बाधितांच्याच संघटनांनी पेटंट कार्यालयात हरकती घेऊन काही औषधांची मक्तेदारी रोखली.

शेवटी एक चालू गोष्ट सांगतो, आणि ती इथल्या डॉक्टरांना, रक्तपेढ्यांना उद्देशून आहे. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार तृतीयपंथी व्यक्ती, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि वेश्याव्यवसायातल्या स्त्रिया यांना आपल्या देशात रक्तदान करता येत नाही. कायमचं. त्यांच्या वागण्यात जोखीम आहे का, ते एकाच जोडीदाराबरोबर पंधरा वर्षं राहतात का, हे कुणी विचारायचं नाही, रकाना बघायचा आणि परत पाठवायचं. ब्रिटननं २०२१ मध्ये आणि अमेरिकेनं २०२३ मध्ये ही सरसकट बंदी काढून प्रत्येक दात्याला त्याच्या वागण्याविषयी तेच प्रश्न विचारायला सुरुवात केली. आपल्याकडे या सूचनांविरुद्ध २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली आहे. रक्ताची सुरक्षितता महत्त्वाची आहे, याबद्दल वाद नाही. आपल्या रक्तपेढ्यांत प्रत्येक पिशवी तपासली जाते, आणि तपासणीतून काय निसटू शकतं, किती दिवस निसटू शकतं, हे तुमच्याइतकं कुणाला कळत नाही. म्हणूनच माझी विनंती आहे की सांगली-मिरजेच्या रक्तपेढ्यांनी आणि वैद्यकीय संघटनांनी आपला अनुभव आणि आपले आकडे एकत्र करून राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेला लेखी मत कळवावं. बंदी ठेवायची असेल तर ती का, आणि काढायची असेल तर दात्याला कोणते प्रश्न विचारायचे, ते तुम्ही सांगा. मसुदा लिहायला वकील लागला तर मी येईन.